मोकळ्या ऐरणीवरचा ठोका

वीज गेलीच आहे तर या सगळे इकडे. चटई पुढे ओढा. मोबाइलचा उजेड बंद कर रे, नेमका माझ्या डोळ्यांत मारतोयस. आणि ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं. मध्येच कुणी दात काढले तर मी सरळ उठून झोपायला जाईन, मग बसा अंधारात एकमेकांची तोंडं बघत.

गोष्ट माझी नाही. माझ्यावर असला प्रसंग आला असता तर मी तुम्हाला सांगायला उरलोच नसतो. हे घडलं वेल्डरच्या बाबतीत. माझं नटबोल्टचं दुकान होतं ना, त्याच्या भिंतीला भिंत लावून त्याचं वेल्डिंगचं दुकान. आमचा दोघांचा चहा एका किटलीतला. माणूस सरळ. थापा मारायच्या म्हटल्या तर त्याला नीट रंगवताही यायच्या नाहीत. "जाळी उद्या देतो" म्हणायचा आणि परवा द्यायचा, तेवढंच काय ते त्याचं खोटं. तेव्हा त्याने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं धरतो. तुम्ही काय धरायचं ते तुम्ही बघा.

डिसेंबर महिना. शेवटून दुसरा शनिवार. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती, उगाच मनात आणू नका, वर चांगला अर्धा चंद्र होता. वेल्डर दुकान बंद करून घरी आला, हातपाय धुतले, पाटावर बसणार तेवढ्यात बायको म्हणाली,

"अहो, बाबा अजून आले नाहीत. जरा बघून येता? मफलरही इथेच विसरलेत."

"येतील की. जाऊन जाऊन जातात कुठे?"

"कुठे जातात ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर सांगते."

एवढंच काम. सासऱ्याला जेवायला बोलावून आणायचं. वेल्डरने मफलर गळ्यात टाकला, टेम्पो काढला आणि निघाला.

आता हा सासरा कोण, ते ऐका. सासरा म्हणजे थोरला लोहार. थोरला म्हणायचं कारण त्याला एक धाकटा भाऊ होता, आणि ते दोघे मिळून एक लोहार होते. ते कसं, हे आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ती वाटी दे इकडे. पालथी घाल. ही झाली ऐरण. हे बिस्किट म्हणजे तापवलेलं लोखंड. खातोयस काय, लोखंड आहे ते! ठेव.

थोरला भट्टीतून लालभडक लोखंड काढायचा, डाव्या हातातल्या सांडशीने ऐरणीवर धरायचा. उजव्या हातात छोटी हातोडी. समोर धाकटा, दोन्ही हातांत घण. तुमच्यापैकी एकालाही खांद्यापर्यंत उचलणार नाही असा तो घण. थोरला काय करायचा, तर हातोडीने लोखंडावर हलकेच मारायचा. टिक. म्हणजे, 'इथे मार'. की त्याच जागी घण. धप्प. टिक, धप्प. टिक, धप्प. तोंडातून शब्द नाही. आणि काम झालं की थोरला हातोडी लोखंडावर न मारता बाजूला, मोकळ्या ऐरणीवर टेकवायचा. टण्. म्हणजे, 'थांब'. ती टण् होईपर्यंत घणवाल्याने थांबायचं नाही. लोखंड गरम आहे तोवरच वळतं. घणवाला आपल्या मनाने थांबायला लागला तर सगळं काम वाया. म्हणून थांब म्हणायचं ते फक्त हातोडीवाल्याने.

बरेच लोहार असंच काम करतात. पण या दोघांचं जरा वेगळं होतं, कारण धाकटा ठार बहिरा होता. जन्मापासून नाही. घणानेच हळूहळू कान खाल्ले त्याचे.

"मग त्याला टण् कसं ऐकू यायचं, आजोबा?"

शाबास. घरात एकाला तरी अक्कल आहे म्हणायची. ऐरण बसवलेली असते जाडजूड लाकडी ओंडक्यावर. धाकटा अनवाणी उभा राहायचा आणि डाव्या पायाचा अंगठा त्या ओंडक्याला टेकवून ठेवायचा. लोखंडावरची टिक वेगळी थरथरते, मोकळ्या ऐरणीवरची टण् वेगळी. तो अंगठ्याने ऐकायचा. वर्षानुवर्षं टेकवून टेकवून ओंडक्याला तिथे खळगा पडला होता, गुळगुळीत. मी स्वतः बोट घालून पाहिलाय. लग्नबिग्न केलं नाही त्याने. वहिनी लवकर गेली, तर पुतणीला यानेच खांद्यावर घेऊन वाढवलं. तीच पुढे वेल्डरची बायको. त्याला 'काका' म्हटलेलं ऐकू यायचं नाही म्हणून ती लहानपणी त्याच्या पायाच्या अंगठ्यावर टिचक्या मारून हाक मारायची.

आणखी एक लक्षात ठेवा. थोरल्याच्या हातोडीचा एक कोपरा उडालेला होता. त्यामुळे ती जिथे पडेल तिथे नखासारखी बारीक, वाकडी खूण उठायची. विळा असो, कुऱ्हाड असो, बिजागरी असो, कुठेतरी ती नखाची खूण दिसायचीच. माझ्या दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, "नखवाल्याकडची आहे का?" असला तर माल हातोहात जायचा. मीही भाव जरा चढवायचो, आता तुमच्यापासून काय लपवू.

मग काय झालं, नवा रस्ता झाला. जुन्या रस्त्यावरची वर्दळ आटली. लोहाराचं दुकान जुन्या रस्त्यावर, समोर एक पंक्चरवाला, बाकी काही नाही. तयार विळे-कुऱ्हाडी कारखान्यातून यायला लागल्या. थोरल्याने ठरवलं, पुरे झालं. भट्टी बंद करायची, जावयाच्या दुकानात बसायचं, घण ठेवायचा कोपऱ्यात. वाईट काय होतं त्यात? पण धाकट्याला तेवढं एकच येत होतं हो. घण मारणं. तो वेल्डरच्या दुकानात बसून काय करणार? ठिणग्या मोजणार?

एका दुपारी कुऱ्हाडीचं काम चालू असतानाच थोरल्याने विषय काढला. बहिऱ्या माणसाशी भांडायचं कसं, तर हातवारे करून आणि ओठ हलवून. आणि धाकट्याची एक खोड होती. त्याला ऐकायचं नसलं की तो डोळे मिटायचा. झालं, तुम्ही बोंबला. त्या दिवशी त्याने डोळे मिटले आणि घण चालू ठेवला. थोरल्याचा संताप मस्तकात गेला. त्याने सांडशी टाकली, हातोडी जमिनीवर आपटली आणि तसाच तरातरा बाहेर पडला.

टण् केलंच नाही.

लोखंडावर शेवटची टिक पडली होती. ती 'मार' म्हणाली होती. धाकटा मिटल्या डोळ्यांनी मारत राहिला.

थोरला रस्त्याने चालत होता आणि कान मागे होते. गरम लोखंडाचा आवाज येतो धप्प. गार होत आलं की तो चढायला लागतो. शेवटी येतो खण्. लोहाराला ते पाठमोरं कळतं. त्याने ऐकलं, धप्पचं खण् झालं. गार पोलादावर घण पडतोय, ढलपी उडेल, हे त्याला कळलं. आणि तो मनात म्हणाला, मारू दे. दमेल आणि थांबेल.

खण्. खण्. खण्.

मग आवाज थांबला.

थोरल्याला वाटलं, दमला. तो पंक्चरवाल्याच्या पुढे जाऊन बसला. बऱ्याच वेळाने परत गेला, तर धाकटा ओंडक्याशी बसल्यासारखा पडलेला. पोलादाची ढलपी उडून गळ्यात घुसली होती. नखाएवढी. डोळे अजून मिटलेलेच.

थोरल्याने कुणाला काही सांगितलं नाही, फक्त लेकीला सांगितलं. ऐरणीवरचं ते अर्धवट कुऱ्हाडीचं लोखंड त्याने उचललं नाही, तसंच ठेवून कुलूप लावलं. महिन्याच्या आत त्याचा उजवा हात गेला. वारं गेल्यासारखा झाला. लोंबायचा नुसता, पेला धरायलाही उपयोग नाही. डॉक्टर झाले, मालिश झाली, काही नाही. आणि त्याच सुमारास पंक्चरवाला आपला कॉम्प्रेसर उचलून नव्या रस्त्याला गेला. का, ते तो सांगायचा नाही. एकदा माझ्या दुकानात आला होता तेव्हा एवढंच म्हणाला, "काका, बंद दुकानातून घण वाजतो हो."

तेव्हापासून म्हातारा रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचा. लेकीने अडवून पाहिलं, रडून पाहिलं. तो म्हणायचा, "बाळा, त्याला थांब म्हणायचं राहिलंय गं. तेवढं झालं की मी मोकळा. तोही मोकळा." दुसरं काही मागणं नव्हतं त्याचं आयुष्याकडे. एक टण्. बस.

आता चला वेल्डरबरोबर.

जुना रस्ता मोकळा होता. टेम्पोच्या उजेडात खड्डे दिसत होते, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत. पंक्चरवाल्याची रिकामी टपरी आली, पत्र्यावर टायरचं चित्र अजून होतं. वेल्डरने टेम्पो तिथे उभा केला आणि इंजिन बंद केलं.

खण्.

त्याला वाटलं, म्हातारा काहीतरी ठोकत बसलाय. तो दहा-बारा पावलं गेला असेल.

खण्.

आणि मग त्याच्या डोक्यात आलं. हा घणाचा आवाज आहे. घणाला दोन हात लागतात. सासऱ्याला तर एकच हात आहे...

तो म्हणाला मला, "तिथूनच परत फिरावंसं वाटलं हो. पण हिला काय सांगू? तुझ्या बापाला तिथे टाकून आलो?"

दार लोटलेलं होतं. आत उजेड होता. त्याने ढकललं.

गार भट्टीवर बॅटरीचा दिवा ठेवलेला. भात्यावर धूळ, सांडशा भिंतीला ओळीने टांगलेल्या. म्हातारा पत्र्याच्या पालथ्या डब्यावर ऐरणीसमोर बसलेला, डाव्या हातात हातोडी. घण होता कोपऱ्यात. उभा केलेला. दांड्यापासून भिंतीपर्यंत कोळिष्टक धरलेलं.

"या जावईबापू. दार लोटून घ्या. थंडी येते."

"मामा, चला घरी. ती जेवायची थांबलीये."

"चलतो. याला थांबवलं की चलतोच."

खण्.

वेल्डरने कोपऱ्यात पाहिलं. घण हलला नव्हता. कोळिष्टकही हललं नव्हतं. पण ऐरणीवरचं लोखंड... ते उडालं होतं. टिचभर उडून पुन्हा खाली बसलं होतं.

ते कुऱ्हाडीचं लोखंड तळहाताएवढं जाड असलेलं त्याने पाहिलं होतं. आता ते भाकरीएवढं पातळ झालं होतं. कडा फाटलेल्या. भट्टी पेटली नव्हती, कोळसा लाल झाला नव्हता... गार लोखंड ठोकून ठोकून कुणीतरी पातळ केलं होतं.

वेल्डर दोन पावलं मागे, दाराकडे सरकला.

"घाबरू नका," म्हातारा म्हणाला. "तुम्हाला काही करायचा नाही तो. त्याने कधी मुंगीला हात लावला नाही. नुसतं बघा."

म्हाताऱ्याने डाव्या हाताने हातोडी मोकळ्या ऐरणीवर टेकवली. टण्.

शांत झालं.

वेल्डर म्हणतो, ती शांतता वाईट होती. कुणीतरी लक्ष देऊन ऐकतंय... पायाने ऐकतंय... असं वाटलं. ओंडक्याच्या खळग्यापाशी जमीन जरा दबल्यासारखी झाली.

मग, खण्.

"बघितलंत?" म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. "रोज असंच. जरा थांबतो, चाचपतो. मग त्याला वाटतं, हा हात दादाचा नव्हे. सगळा जन्म त्याने माझा उजवा हात ऐकला हो. डावा कसा ओळखेल?"

"मामा, उद्या येऊ. दिवसा येऊ. आपण..."

"उद्या नाही. माझ्या छातीत आज सकाळपासून कळ येतेय. लेकीला सांगितलं नाही. तुम्ही एक करा. हा उजवा हात तुम्ही उचला. मी जागा दाखवतो. एकदा टेकवा मोकळ्या ऐरणीवर. एवढं करा, पुन्हा काही मागणार नाही."

नाही कसं म्हणणार? वेल्डरने गळ्यातला मफलर काढला. हातोडी म्हाताऱ्याच्या उजव्या मुठीत बसवली आणि मफलरने करकचून बांधली. बोटं गार होती, मेणासारखी. दांडा धरायची ताकद नव्हती त्यांत. त्याने मनगट धरलं, कोपर धरलं, हात उचलला. ओल्या पोत्यासारखा जड.

"इकडे... अलीकडे. लोखंडापासून लांब. हां. इथे. आता सोडा हळूच."

खण्.

"घाई नको. याचा एक घाव होऊन जाऊ दे. हां... आता."

वेल्डरने हात खाली आणायला सुरुवात केली.

आणि बोटं मिटली.

त्याने स्वतः पाहिलं. मफलरच्या आत मूठ घट्ट झाली. मेलेला हात जिवंत झाला.

"मामा! बोटं! बोटं हलली!"

म्हातारा रडायला लागला. हसायलाही लागला. "आला... जीव आला हो हातात. आता थांबेल. धाकट्या... बाळा, थांब रे आता..."

तेवढा एक क्षण. त्या एका क्षणात त्या दोघांना खरंच वाटलं, की झालं.

मग हाताने हिसका दिला.

वेल्डर म्हणतो, "मी नाही नेला. शपथेवर सांगतो, मी मोकळ्या जागेकडेच धरला होता. तो हातच गेला." त्या हाताची जन्मभराची सवय, आधी लोखंड, मोकळी ऐरण सगळ्यात शेवटी. हातोडी उचलली की कुठे जायचं... ती एकच जागा.

वेल्डरने दोन्ही हातांनी ओढलं.

म्हाताऱ्याने डाव्या हाताने ओढलं.

हात गेला.

लोखंडावर.

टिक.

...



म्हाताऱ्याने जावयाकडे पाहिलं. तोंड उघडलं.

"चुकलं..."

एवढंच.

खण्.

हा घाव आधीच्यांपेक्षा मोठा होता. मन लावून मारल्यासारखा. दादाचा हात ओळखल्यासारखा. दादा म्हणाला ना... मार.

खण्.

म्हातारा ऐरणीवर पुढे झुकला. तसाच राहिला.

"मामा... मामा..."

खण्.

वेल्डरने त्याला पाठुंगळी घेतलं. दिवा तिथेच राहिला, दार उघडंच राहिलं. टेम्पोत ठेवताना उजवा हात बाहेर लोंबत होता आणि हातोडी पत्र्यावर आपटत होती. घरी आणलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. मफलर सोडला, पण मूठ सुटेना. मी आलो होतो पहाटे, मीही प्रयत्न केला. बोट हलत नव्हतं. शेवटी लेक म्हणाली, राहू दे. हातोडी त्यांच्याबरोबर जाऊ दे. तशीच गेली ती, त्याच्याबरोबर. मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुढे तिचं एकच चालू झालं. "काका थांबले का?" दुसरं काही विचारायची नाही. बाबा गेले त्याचं रडली, पण डोळे पुसले की पुन्हा तेच. "बाबांनी शेवटी उजव्या हाताने ठोका दिला ना? मग काका थांबले असतील ना?" वेल्डरने तिला पुरतं सांगितलंच नव्हतं. ठोका दिला, एवढंच सांगितलं होतं. कुठे दिला, ते सांगायला त्याची जीभ उचलली नाही.

शेवटी मार्चमध्ये एकदा आम्ही दोघे गेलो. दिवसाढवळ्या, भर उन्हात. घरी परतल्यावर ती दारातच उभी होती. वेल्डर म्हणाला, "थांबले." मी आधीच सांगितलं, त्याला खोटं बोलता यायचं नाही. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत निघून गेली. पुन्हा तिने कधी विचारलं नाही.

"काय पाहिलं तुम्ही, आजोबा?"

चमचा खाली ठेव आधी. वाटीवर वाजवू नकोस.

वेल्डरने त्या रविवारीच माणूस पाठवून दाराला कुलूप घातलं होतं, किल्ली त्याच्याकडे. आम्हीच उघडलं. आत सगळीकडे धूळ, जमिनीवर सारखी पसरलेली. घण कोपऱ्यात, कोळिष्टकासकट. आवाज काही नव्हता. मला वाटलं, सुटला बिचारा. मग मी ऐरणीजवळ गेलो.

ते लोखंड आता पत्रा झालं होतं. पिंपळाच्या पानाएवढं पातळ. उचललं आणि दारातल्या उन्हात धरलं. त्यावर घणाचे रुंद घाव होते, एकावर एक. आणि प्रत्येक घावाच्या शेजारी... एक बारीक, वाकडी खूण. नखासारखी. दाटीवाटीने, कडेपासून कडेपर्यंत. ताज्या होत्या, आत लोखंड चकाकत होतं.

वेल्डरने बोट केलं, ऐरणीकडे.

लोखंडाच्या बाजूची मोकळी ऐरण धुळीने भरलेली होती. जाड थर होता. त्याला कशाचाही स्पर्श झालेला नव्हता.